चोवीस छोट्या सह्या

४ मार्च

मावशी,

नमस्कार. दोन वर्षांत तुला माझं हे पहिलं पत्र, आणि तेही कामापुरतं. फोन करण्यात अर्थ नाही. तुला फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि इथे कंट्रोल रूममध्ये एकच फोन आहे, त्यावर मोठ्याने बोललं की सगळी पाळी कान देऊन ऐकते.

काम असं आहे. माझ्या पदवीचा एक विषय राहिला आहे, संख्याशास्त्र. दोनदा बसले, दोनदा नापास झाले. पहिल्यांदा एकतीस, दुसऱ्यांदा चौतीस. चाळीस लागतात. नाव नोंदवल्यापासून सात वर्षांत पदवी पुरी करावी लागते आणि हे सातवं वर्ष आहे. परीक्षा नऊ एप्रिलला. त्यानंतर संधी नाही.

मी या जलशुद्धीकरण केंद्रात पाच वर्षं प्रयोगशाळा सहाय्यक आहे. इथले प्रमुख रसायनतज्ज्ञ निवृत्त होत आहेत. त्यांची जागा मला द्यायला साहेब तयार आहेत, पण पदवीचा कागद तीस जूनच्या आत हवा. नाही आला तर बाहेरून कुणी येईल आणि मी त्याच्या बाटल्या विसळत राहीन.

तू तीस वर्षं परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षक होतीस. नियमांचं पुस्तक माझ्याकडे आहे. अकरा पानं आहेत, पण त्यातला कोणता नियम माणसाला खरोखर बुडवतो हे कुठेच लिहिलेलं नाही. ते तू सांग.

आईला यातलं काही माहीत नाही. तिला वाटतं मी दोन वर्षांपूर्वीच पास झाले. तसं मीच कळवलं होतं. ती तेव्हा न्यूमोनियाने दवाखान्यात होती आणि सारखा निकाल विचारत होती. एका ओळीचं काम होतं. ती ओळ नंतर मागे घ्यायची राहून गेली. तिला काही बोलू नकोस.

भाची

पान २. वेळ १४.१०. छोटी सही. उरलेली जागा तिरकी रेघ मारून बंद.


१२ मार्च

शहाणे,

आईला दर आठवड्याला पत्र आणि मावशीला दोन वर्षांतून एक, तेही अडलं म्हणून. असो. अडला हरी म्हणतात तसं मी समजून घेतलं. पण पत्राखाली हे काय? वेळ काय, सही काय, आणि कोऱ्या जागेवर ही एवढी रेघ. मी तिथे तुझ्या नावाने काही खोटं लिहून ठेवीन अशी भीती होती का तुला?

आता ऐक. मुलं मला पाठीमागे घड्याळबाई म्हणायची, कारण दर अर्ध्या तासाने मी वेळ पुकारायचे. हॉलमध्ये स्वतःचं घड्याळ नेऊ देत नाहीत आणि भिंतीवरचं घड्याळ बहुतेक ठिकाणी बंद असतं. म्हणून पुकारा झाला की प्रश्नपत्रिकेवर नव्हे, मनात नोंद कर. प्रश्नपत्रिकेवर काहीही लिहिलं की तो कागद कॉपीचा धरतात. प्रवेशपत्र घडी घालून ठेवू नकोस, फोटोवर घडी पडली की दाराशी वाद होतो. एकाच शाईची दोन पेनं ने. निळ्याने सुरू करून काळ्याने संपवलंस तर दुसऱ्या कुणी लिहिलं अशी शंका घेतात. पुरवणी घेतलीस तर बांधण्याआधी पानांचा क्रम बघ. हुशार मुलं तिथे आपटतात, कारण शेवटच्या पाच मिनिटांत त्यांचे हात थरथरत असतात. पहिल्या अर्ध्या तासात बाहेर सोडत नाहीत, शेवटच्या दहा मिनिटांतही नाही, तेव्हा सकाळी चहा कमी पी. हे तुझ्या पुस्तकात नसेल.

आणि उत्तरपत्रिकेत ओळख पटेल अशी खूण करायची नाही. नंबर फक्त वरच्या पानावर, तोही नंतर परीक्षा विभाग कापून घेतो, म्हणजे तपासणाऱ्याला कुणाचा पेपर ते कळू नये. मुलं हा नियम हसण्यावारी नेतात. कुणी शेवटी लिहितो, सर घरची परिस्थिती बिकट आहे. कुणी फुलं काढतं. एकाने तर परीक्षकाला बदाम काढून दिला होता, बाणासकट. खूण दिसली की पेपर रद्द, वर बंदी. तुझ्यासारख्या कोरड्या मुलीला हे सांगायची गरज नाही, पण सांगायची सवय आहे.

तुझ्या आईचं म्हणशील तर माझं तोंड बंद. मात्र माझ्या तोंडाला बंद राहायची सवय नाही, हे तुलाही ठाऊक आहे.

मावशी


२० मार्च

मावशी,

पत्राबद्दल आभार. तुझे नियम प्रयोगशाळेतल्या फळ्यावर लिहिले आहेत. खुणेचा लिहिला नाही, तो माझ्यासाठी नाही.

पत्राखालच्या रेघेबद्दल. इथे दर दोन तासांनी पाण्याचा नमुना घ्यायचा, गढूळपणा आणि क्लोरीन मोजायचं, नोंदवहीत लिहायचं. पान संपलं की तळाशी वेळ आणि छोटी सही. जागा उरली तर तिरकी रेघ, कारण कोऱ्या जागेत नंतर कुणी न घेतलेलं रीडिंग घुसडू शकतं. आकडा चुकला तर खोडायचा नाही. त्यावर एकच रेघ, म्हणजे चूक वाचता येते. वर बरोबर आकडा, शेजारी आपली सही आणि ज्याने तपासलं त्याची दुसरी सही. आणि न घेतलेल्या रीडिंगवर सही केली तर नोकरी जाते. पाच वर्षांनी हात आपोआप तिथे जातो. तुझ्यावर अविश्वास नव्हता.

अभ्यास चालू आहे. दोन नमुन्यांच्या मध्ये शंभर मिनिटं मिळतात. त्यात तीन प्रश्न, मग नमुना, मग उरलेले दोन. आतापर्यंत अकरा पेपर सोडवले. आमचे पंपकाका, म्हणजे पंप चालवणारे, ते म्हणाले, बाई, तुम्ही आकडे इतके गाळलेत की आता पाण्याला लाज वाटेल. मला झोप लागते पण जेवताना चमचा खाली ठेवून बेरजा करते. काल रिकाम्या नळीत क्लोरीन मोजत होते. पंपकाकांनी दाखवलं.

सोबत सरावाचा एक पेपर पाठवते आहे. गणित तुला कळणार नाही, पण परीक्षकाला अक्षर वाचता येईल का आणि मांडणी ठीक आहे का, तेवढं बघ. मी सात तारखेला निघेन. उतरायची सोय झाली आहे, काळजी नको.

भाची

पान २. वेळ १२.३५. छोटी सही. उरलेली जागा बंद.


७ एप्रिल, जलद टपालाने

अगं,

तुझ्या आईचं गुडघ्याचं दुखणं वाढलं म्हणून दोन आठवडे तिच्याकडे होते. तिथे रोज जेवताना तुझा विषय निघायचा आणि मी रोज तोंडात घास कोंबायचे. आज सकाळी घरी आले तर दारात तुझं पाकीट.

पेपर उघडला. अक्षर छान आहे, मांडणी छान आहे. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी वेळ आणि छोटी सही आहे. शेवटच्या पानावर तिरकी रेघ आहे आणि तिच्यावरसुद्धा सही आहे.

पत्राखाली ती बघून मी हसले होते. उत्तराखाली बघितली तेव्हा तशीच शेजारी धावले. हीच ती खूण, पोरी. फूल काढणाऱ्याला निदान आपण फूल काढतोय हे कळतं. तुझा हात तुला न विचारता सही करेल.

शेजारच्या मुलीकडून तुझ्या केंद्रात दोनदा फोन करवला. कुणी पंपवाले होते, म्हणाले बाई सकाळीच गेल्या. कुठे उतरणार, विचारलं. म्हणाले, त्या कुणाला सांगतात का कधी. मलाही सांगितलं नाहीस. सोय झाली आहे, काळजी नको. हे पत्र तुझ्या खोलीच्या पत्त्यावर टाकते आहे, जिथे तू नाहीस, हे माहीत असून टाकते आहे. दुसरा पत्ता माझ्याजवळ नाही.

सही करू नकोस.

मावशी


११ एप्रिल

मावशी,

काल आले. तुझं पत्र दाराच्या फटीतून आत सरकवलेलं होतं. पिशवी खांद्यावर तशीच ठेवून वाचलं.

मी केलं आहे. मुख्य उत्तरपत्रिकेची वीस पानं, पुरवणीची चार. चोवीस. पहिली सही दहा वाजून नऊ मिनिटांची असावी, कारण तू सांगितलेल्याप्रमाणे मी वेळेचा अंदाज मनात ठेवत होते आणि मनातला अंदाज पानावर उतरवत होते. शेवटचं पान अर्धं रिकामं होतं. त्यावर रेघ मारल्याचं मला स्पष्ट आठवतं, कारण ती मारताना बरं वाटलं होतं. हॉलमधल्या बाईंनी फक्त वरचं पान बघून सही केली. आतलं त्यांनी पाहिलं नाही, पाहायचं कारणही नव्हतं.

पेपर चांगला गेला. पाचही प्रश्न सोडवले. ताळा केला, पन्नासच्या खाली जायला नको. याचा आता त्रास जास्त होतो.

दोन रस्ते दिसतात. गप्प बसायचं, परीक्षकाच्या लक्षात येणार नाही अशी शक्यता धरून. ती किती हे काढायला बसले होते. माझ्याकडे आकडेवारी नाही. दुसरा, जाऊन सांगायचं, म्हणजे स्वतःच्या हाताने पेपर रद्द करून घ्यायचा. कालपासून प्रत्येक रीडिंग तीनदा घेते आहे. तिन्ही वेळा तेच येतं आणि चौथ्यांदा घ्यावंसं वाटतं.

मी कुठे उतरले म्हणून विचारत होतीस. एका मैत्रिणीच्या खोलीत. लपवण्यासारखं काहीच नव्हतं.

भाची

पान १. वेळ ०९.२०. छोटी सही. बघ, हे लिहितानाही.


१४ एप्रिल, जलद टपालाने

शहाणे,

जा आणि सांग. आजच्या आज निघ.

पेपर लगेच तपासायला जात नाहीत. आधी परीक्षा विभागात नंबर कापतात, त्या जागी सांकेतिक आकडा टाकतात. त्याला दोन आठवडे लागतात. तोवर स्वतः होऊन अर्ज दिला तर ते चौकशीसाठी येतं. परीक्षकाने पकडलं की तो गैरप्रकार होतो. मधलं अंतर एवढंच आहे आणि ते रोज कमी होतंय.

मी दोन्ही पाहिलेत. एक टायपिस्ट मुलगी होती, दर पानाच्या तळाशी 'मागे पाहा' लिहायची, ऑफिसची सवय. दुसऱ्या दिवशी रडत आली, अर्ज दिला, वाचली. दुसरा एक गप्प बसला. त्याच्या पेपरात खाडाखोडीवर सही होती, तीही सवयीचीच, पण परीक्षकाला ते कोण सांगणार? तीन वर्षं बंदी. तुझ्याकडे तीन वर्षं नाहीत, एकही नाही.

समिती एकच गोष्ट विचारेल. ही खूण परीक्षकासाठी केली की तुझी सवयच अशी आहे? नुसतं तोंडाने सांगून चालत नाही. परीक्षेच्या आधीपासून तू प्रत्येक कागदावर हेच करतेस याचा पुरावा लागेल. तुमची नोंदवही घेऊन जा.

मावशी


२१ एप्रिल

मावशी,

एकोणीसला जाऊन अर्ज दिला. खिडकीतल्या कारकुनाने तो दोनदा वाचला आणि विचारलं, तुमची तक्रार कुणाविरुद्ध आहे? म्हटलं, माझ्या. तो आत जाऊन आणखी एकाला घेऊन आला. पेपर सापडला, नंबर कापायचा बाकी होता, बाजूला काढून ठेवला. चौदा मेला समितीसमोर जायचं आहे. पुरावा मूळ स्वरूपात हवा, प्रत चालणार नाही, आणि त्याच्या तारखेबद्दल शंका नसावी.

नोंदवही मिळणार नाही. साहेब म्हणाले, आग लागली तरी नोंदवही फाटकाबाहेर जात नाही, माणसं गेली तर गेली. मुख्य कार्यालयाची परवानगी काढायला तीन महिने लागतात. त्यांचं म्हणणं बरोबर आहे, मीही हेच सांगितलं असतं.

मग विचार केला की मी आणखी कुठे लिहिते. तुला लिहिलेली पत्रं तू उत्तर दिलं की फेकतेस, आणि ती सगळी या वर्षीची आहेत. उरते आई. तिला पाच वर्षं दर आठवड्याला लिहिलं आहे. ती पाकिटांसकट ठेवते, पाकिटावर टपालाचा शिक्का असतो, म्हणजे तारखेचा प्रश्न सुटतो. शिलाई मशीनच्या खालच्या कप्प्यात असतात.

तू पुढच्या आठवड्यात तिच्याकडे जाणार आहेस. ती मापं घ्यायला बाहेर जाते तेव्हा कप्प्यातून काढून मला पाठवता येतील का? मेअखेर परत ठेवता येतील. तिला कळायचं कारण नाही.

भाची

पान २. वेळ १६.०५. छोटी सही. उरलेली जागा बंद.


२५ एप्रिल

नाही.

तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या बाह्या आणि खिसे तपासले. आता या वयात सख्ख्या बहिणीचा कप्पा चोरून उघडू? आणि कशासाठी, तर भाची खोटी नाही हे सिद्ध करायला.

पत्रं तुझ्या आईची आहेत. तिच्याकडून माग.

मावशी


३० एप्रिल

आई,

नेहमीचं पत्र परवा टाकलं आहे, हे वेगळं आहे.

मी दोन वर्षांपूर्वी पास झाले नव्हते. चौतीस मिळाले होते. तू दवाखान्यात होतीस तेव्हा मी खोटं लिहिलं आणि नंतर तसंच राहू दिलं. तू आल्यागेल्याला सांगत होतीस ते मला माहीत होतं.

नऊ एप्रिलला शेवटचा प्रयत्न दिला. पेपर चांगला गेला पण मी प्रत्येक पानाखाली सही केली. तुझ्या पत्रांखाली करते तशी. परीक्षेत ते चालत नाही. ती माझी सवय आहे हे दाखवायला मला माझी तुला लिहिलेली पत्रं हवी आहेत, पाकिटांसकट, चौदा मेच्या आधी. ती अनोळखी माणसं वाचतील. तुला नको असेल तर तसं कळव.

गुडघ्याला शेक दे.

पान १. वेळ १३.५०. छोटी सही. उरलेली जागा बंद.


४ मे

बाळा,

तुझं पत्र आलं तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या कोटाला अस्तर लावत होते. मशीन थांबवून वाचलं, मग अस्तर पुरं केलं, कारण कोट आजच द्यायचा होता. तू कामाची मुलगी आहेस, समजून घेशील.

पार्सलमध्ये दोनशे एकतीस पत्रं आहेत. तारखेप्रमाणे लावली आहेत, दर वर्षाला वेगळी फीत बांधली आहे. सोडलीस तर पुन्हा तशीच बांध. वाचू देत लोकांना. त्यात आहे काय? नळ गळतो आणि मोजे टोचतात.

तुझी मावशी दोन आठवडे माझ्याकडे होती आणि सगळा वेळ ओठांत टाचण्या धरल्यासारखी गप्प होती. ती गप्प बसली तेव्हाच म्हटलं, काहीतरी मोठं आहे. पण तुझ्या निकालाचं म्हणशील तर ते मला तिच्या आधीपासून माहीत आहे.

पास झाले असं लिहिलेलं तुझं पत्र दवाखान्यात उशाशी ठेवून मी दहादा वाचलं. आनंद झाला होता, पण काहीतरी उणं वाटत होतं, एखादी शिवण राहिल्यासारखं. घरी आल्यावर ते कप्प्यात बाकीच्यांच्या शेजारी ठेवलं तेव्हा दिसलं. खाली वेळ नव्हती. सही नव्हती. अर्धं पान कोरं होतं आणि त्यावर रेघ नव्हती. दोनशे बत्तीस पत्रांतलं ते एकच तसं आहे. नोकरीला लागलीस तेव्हा तूच लिहिलं होतंस, न घेतलेल्या रीडिंगवर सही करत नाहीत.

विचारलं नाही. विचारलं असतं तर तू दुसरं खोटं लिहिलं असतंस, आणि त्याखाली कदाचित सहीही केली असतीस. मग मला तुझं कोणतंच पत्र खरं वाटलं नसतं.

ते एक पत्र या पाकिटात वेगळं ठेवलं आहे. समितीला दाखवू नकोस, त्यांच्या कामाचं नाही. त्याचं काय करायचं ते तू ठरव.

आई


१८ जून

आई,

समितीत तिघं होते. अध्यक्षांनी गठ्ठ्यातलं मधलंच एक पत्र ओढलं. ते मोज्यांचं निघालं. मग दुसरं, मग तिसरं. सहा पत्रं वाचली, पाकिटांवरचे शिक्के भिंगाने पाहिले. एका सदस्याने विचारलं, आईला लिहितानाही सही? म्हटलं, हो. का? म्हटलं, पान संपलं म्हणून. ते हसले नाहीत पण त्यांनी फीत तुझ्यासारखीच परत बांधली.

त्यांनी पेपर तपासायला पाठवला. त्याआधी कारकुनाने माझ्यासमोर प्रत्येक सहीवर कागदाची पट्टी चिकटवली. मी मोजलं. चोवीस. शेवटच्या रेघेवर दोन पट्ट्या लागल्या.

निकाल काल लागला. सत्तावन्न. कागद आज साहेबांच्या टेबलावर ठेवला. पंपकाकांनी विचारलं, आता तरी कुठे राहता ते सांगाल का? पत्ता लिहून दिला. मावशीलाही कळवलं आहे. ती म्हणेल, तिला आधीच माहीत होतं, तर म्हणू दे.

दोनशे एकतीस पत्रं पार्सलने परत येत आहेत. दोनशे बत्तिसावं या पाकिटात आहे. ते फाडावं असं वाटलं होतं, पण चुकीची नोंद फाडत नाहीत. त्यातल्या 'पास झाले' या शब्दांवर एक रेघ मारली आहे, खालचं वाचता येतं. वर बरोबर आकडा लिहिला आहे, चौतीस. शेजारी माझी सही आणि आजची तारीख.

ज्याने तपासलं त्याची दुसरी सही लागते. ते तू दोन वर्षांपूर्वीच तपासलं आहेस. तिथे जागा ठेवली आहे. सही करून कप्प्यात त्याच्या तारखेला लाव.

पान १. वेळ ११.४०. छोटी सही. उरलेल्या जागेवर रेघ मारलेली नाही.